पिठल्याला दिलेला शब्द

रविवार, ६ ऑगस्ट २००६

पोचलो एकदाचे! सोलापूर ते चेन्नई, एक अठरा वर्षांची मुलगी, अकरा डाग आणि एक कुत्रा. मुलगी कानात वायरी घालून गाणी ऐकत होती, डाग हमालांनी वाहिले, जीव खाल्ला तो कुत्र्याने. पिठल्याला गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. गाडी जरा जास्त थांबली की मी पाण्याची बाटली घेऊन शेवटच्या डब्याकडे पळत सुटायची. रेणीगुंट्याला त्याने असा काही गळा काढला की गार्ड वैतागून म्हणाला, बाई, आता तुम्हीच बसा इथे.

बँकेत बढती मिळाली की बदली ठरलेलीच. शाखा नुंगंबाक्कमला, घर मैलापूरला. घर म्हणजे एका जुन्या घराचा वरचा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाकी सगळी गच्ची. घरमालक जनकोजीराव सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला आले आणि इकडचेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण ऐकताना वाटतं कोणी बखर वाचून दाखवतंय. 'जेवण जालें काय?' असं त्यांनी विचारलं तेव्हा माझ्या लेकीला, अदितीला, हसू आवरेना. मी तिला चिमटा काढला. त्यांच्या पत्नी विशालाक्षीअम्मांनी आम्हाला कॉफी दिली आणि पिठल्याला इडली. पठ्ठ्याने चार खाल्ल्या. सोलापूरची कडक भाकरी एका दिवसात विसरला, बेइमान.

पिठल्या आठ वर्षांचा, गावठी, रंग पिठल्यासारखा म्हणून नाव पिठल्या. माझ्या नवऱ्याने, मंदारने, त्याला शर्टात घालून घरी आणला होता. मंदार जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही तिघंच. नवीन शहर आणि नवीन रोजनिशी. आज बरं वाटतंय.

मंगळवार, १५ ऑगस्ट

सुट्टी. सगळे डाग अखेर उघडले. शेंगाच्या चटणीचा डबा प्रवासात फुटला आणि अदितीच्या तीन ओढण्यांना आता जन्मभर लसणाचा वास येणार. तिचं कॉलेज सुरू झालंय. फोन कानाला चिकटलेला असतो, त्यामुळे मैत्रिणी झाल्या असाव्यात.

इथे रोज सकाळी भात झाला की पहिली मूद कावळ्यांची. अम्मा ती गच्चीच्या कठड्यावर ठेवतात, हाक मारतात, चार-पाच कावळे येऊन खाऊन जातात आणि मग घरातली माणसं जेवतात. आपल्याकडे कावळ्याची आठवण होते ती कोणी गेल्यावरच, असं मी म्हटलं तेव्हा जनकोजीराव हसले. पिठल्या त्या मुदीकडे आशाळभूतासारखा बघत बसतो, पण कावळ्यांवर कधी भुंकत नाही.

समोरच्या इमारतीत मधुसूदन नावाचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. इमारतीचा कारभार त्यांच्याकडे आणि गल्लीचाही आपल्याकडेच आहे असा त्यांचा समज. कुत्रा बांधून ठेवा, असं इंग्रजीत सांगून गेले. त्यांचा वॉचमन एळुमलै मागे उभा राहून मान हलवत होता. आमचा कुत्रा तुमच्या दोघांपेक्षा शांत आहे, असं मी मराठीतच म्हटलं आणि हसून नमस्कार केला.

बुधवार, ३० ऑगस्ट

पिठल्या गेला. काल सकाळी.

मी बँकेत होते. अदिती साडेनवाला कॉलेजला गेली, तेव्हा फाटक उघडं राहिलं असावं. तो रस्ता ओलांडून समोरच्या आवारात शिरला. ऊन होतं, धाप लागलेली होती, तोंडाला फेस होता. मधुसूदन वरून ओरडले की पिसाळलेला आहे, मारा. एळुमलैने लोखंडी पाइप घेतला. हे सगळं अम्मांनी खिडकीतून पाहिलं. त्या ओरडत होत्या, पण त्यांचं कोण ऐकतो. पहिला घाव पाठीवर बसला. मागचे पाय गेले. तो पुढच्या दोन पायांवर अंग ओढत आमच्या फाटकाकडे येत होता. मधुसूदन खाली आले आणि अर्धवट सोडू नकोस म्हणाले. मग डोक्यावर. सात-आठ वेळा, अम्मा म्हणाल्या.

मी पोचले तेव्हा एक डोळा बाहेर आला होता. दुसऱ्यावर चीर होती. मी त्याला मंदारच्या चादरीत गुंडाळलं. जनकोजीरावांनी या वयात स्वतः मागच्या अंगणात नारळाखाली खड्डा खणला. अदिती जवळ आलीच नाही. न्हाणीघरात बसून ओकत होती पोर.

रविवार, ३ सप्टेंबर

आमचे शाखाप्रमुख हळहळले आणि म्हणाले, दुसरं पिल्लू आणा. मंदार गेला तेव्हा दुसरा नवरा आणा असं मला कोणी म्हटलं नव्हतं. हे मी त्यांना तोंडावर ऐकवलं आणि टेबलाशी येऊन फायलीत तोंड खुपसून रडले.

भाकरी केली की शेवटचा तुकडा घेऊन हात आपोआप खाली जातो. दार उघडताना अजून जपून पाऊल टाकते, तो दारामागेच लोळत असायचा. मला तो हवाय. बाकी काही सुचत नाही, तो परत हवाय. अदिती धड जेवत नाही. तिला जवळ घ्यायला गेले तर अंग चोरते.

मधुसूदन फाटकाशी भेटले. इमारतीत लहान मुलं आहेत, करावं लागलं, म्हणाले. चांगल्या जातीचं पिल्लू आणून देतो, असंही म्हणाले. एळुमलै मागून सलाम करत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन एक कप फोडला.

गुरुवार, ७ सप्टेंबर

आज दहावा. कुत्र्याचा दहावा कोणी करत नाही हे मला कळतं. मी केला. दहीभात, त्यात कडक भाकरीचा चुरा. अम्मांचं रोजचं कावळ्यांचं आटोपल्यावर मी माझी मूद कठड्यावर ठेवली. कावळे समोरच्या नारळावर बसून बघत होते. अर्धा तास झाला तरी एकही येईना.

पिंडाला कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी राहिलंय. मग घरचे एकेक जण पुढे होऊन शब्द देतात. मंदारच्या वेळी त्याचे भाऊ बोलून बोलून थकले होते. शेवटी मी हात जोडून म्हटलं, अदितीला जपेन, आणि कावळा खाली उतरला. त्या दिवसापासून माझा यावर विश्वास आहे. मला कोणी हसलं तरी चालेल.

तेव्हा आज मी पुन्हा हात जोडले. त्याला नावाने हाक मारली आणि म्हटलं, "पिठल्या, ज्यांनी ज्यांनी तुझ्यावर हात उचलला त्यांच्यातल्या एकालाही सोडणार नाही. हा माझा शब्द."

बोलणं संपायच्या आत कावळे आले. सगळेच्या सगळे. मूद दोन मिनिटांत संपली. मी करणार काय आहे, पोलिसात तक्रार देईन फार तर. पण दहा दिवसांनी आज पोटभर जेवले.

शनिवार, ९ सप्टेंबर

सकाळी गच्चीवर तीन कावळे मेलेले. डोकी नाहीत, बाकी सगळं जागच्या जागी. अम्मा म्हणाल्या मांजर. मी झाडू घेऊन गोळा केले. मांजर पिसं उपटतं, इथे एक पीस उपटलेलं नव्हतं. मान एका चाव्यात तुटली होती.

सोमवार, ११ सप्टेंबर

लिहू की नको, असं झालंय. पण खोटं कशाला लिहू? तो आलाय.

काल भाकरीचं पीठ मळताना घोट्याला ओलं नाक लागलं. नाक थंड होतं, पण तेच, तसंच दोनदा हुंगून. मी खाली बघितलं नाही. भाकरीचा तुकडा खाली धरला आणि तो हातातून गेला. किती रडले आनंदाने! आज त्याच्या ताटलीत दूधभाकरी ठेवली होती, ती चाटूनपुसून साफ. अदितीला घरात ओल्या कुत्र्याचा वास येतो म्हणे. ती खोलीला कडी लावून बसते. तिला सांगावंसं वाटतं, पण घाबरेल.

कावळे रोज मरतायत. आज सहा. जनकोजीरावांनी ते बघून मला खाली बोलावलं आणि विचारलं की कठड्यावर कुणाच्या नावाने भात ठेवला होता. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. अंगवस्त्राचं टोक चोळत म्हणाले, "मनुष्याचें नांव घेतलें तर तो जेवून जातो, त्याला पुढची वाट ठाऊक असते. जनावराला वाट कोणी दाखविली? तें घरींच येतें."

घरीच यायला हवंय मला, असं मी म्हटलं. शब्द दिल्याचं मात्र बोलले नाही.

बुधवार, १३ सप्टेंबर

एळुमलै मेला. दुपारी एक वाजता, भर उन्हात, इमारतीच्या पंपाच्या खोलीत. मोटर बंद होईना म्हणून कोणी बघायला गेलं. मी बँकेतून परतले तेव्हा त्याला नेत होते. चादर छोटी पडली होती. गळा नव्हताच, मानेचं हाड दिसत होतं. मागून कंबर चावून मोडलेली. लोक म्हणत होते की पाय गेल्यावर तो दारापर्यंत अंग ओढत आला होता, जमिनीवर तसा पट्टा होता.

मी वर आले. दारासमोर पायपुसण्यावर उजव्या हाताची तीन बोटं ठेवलेली होती. नीट, एका ओळीत. पिठल्या असाच माझ्या चपला आणून ठेवायचा.

मी काय केलं ते लिहिते. ओरडले नाही. बोटं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, रिक्षाने कालव्यापर्यंत गेले आणि टाकून दिली. पायपुसणं धुतलं. मनात कुठेतरी बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. नंतर अंधारात मी त्याला शहाणा म्हटलं आणि शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

कुत्री पकडणारी गाडी आली. गल्लीतली सगळी नेली. अकरा. अम्मा जिला भात घालायच्या ती गाभण कुत्रीही. फास गळ्यात, ओढत, आपटत. एकीचा पाय गाडीच्या दारात सापडला तसाच त्यांनी दार लावलं. मधुसूदन उभे राहून मोजत होते. त्यातल्या एकानेही काही केलं नव्हतं आणि हे सबंध गल्लीत फक्त मला माहीत होतं. मी खिडकीत उभी राहिले.

मागे जाऊन नारळाखाली बघितलं. माती जशीच्या तशी आहे. वर गवतसुद्धा उगवलंय.

रविवार, १७ सप्टेंबर

मधुसूदन. सकाळी दहा वाजता. स्वतःच्या गाडीत, काचा वर, चारी दारं आतून बंद. बाहेर त्यांची सून उभी होती आणि काच बडवत होती. आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नव्हतं, फक्त ते दिसत होते, हात झाडताना. मग काच लाल झाली आणि काही दिसेना. गाडी हलत होती बराच वेळ. काच फोडली तेव्हा चेहरा म्हणून काही उरलं नव्हतं.

मला दिसलं. फुटक्या काचेतून तो उतरला, अंग झाडलं. रक्त सुनेच्या साडीवर उडालं, तिला कळलं नाही. त्याची पाठ मधेच मोडलेली आहे. एका बाजूला डोळ्याची खाच. माझ्याकडे बघून शेपूट हलवली.

मला ओकारी झाली. त्या माणसासाठी नाही. त्याला असा मीच केला, माझ्या शब्दाने. पुरे आता. दोघे होते, दोघे संपले. पिठल्या, शब्द पुरा झाला, आता जा.

गेला नाही. अदितीच्या बंद दारापाशी जाऊन बसलाय. दाराच्या फटीला नाक लावून.

सोमवार, १८ सप्टेंबर

दिवसभर तिथेच. दूधभाकरीला तोंड लावलं नाही. तिने दार उघडलं की गुरगुरतो. ती म्हणाली, आई, तू ऐकलंस? म्हणजे तिलाही ऐकू येतं.

मी विचारलं. तुझा काय संबंध, खरं सांग म्हटलं. आधी नाहीच म्हणाली. मग भिंतीशी बसली आणि बोलली. त्या दिवशी कोपऱ्यावर कॉलेजचा एक मुलगा मोटारसायकल घेऊन थांबला होता. पिठल्या तिच्या मागे मागे आला, हाकलला तरी जाईना, त्या मुलाच्या पँटला लोंबकळला. तो मुलगा हसत होता. तिला लाज वाटली, राग आला.

"मी दगड मारला गं आई. मोठा होता. डोळ्यावर लागला त्याच्या. तो ओरडत समोरच्या फाटकात पळाला आणि मी गाडीवर बसून निघून गेले."

डोळ्यावरची ती चीर. मला वाटलं होतं, पाइपची.

पहिला हात तिचा. एकालाही सोडणार नाही, असं म्हटलं होतं मी. एकालाही.

क्षणभर मला तिचा इतका राग आला की — आणि तो दारात उठून उभा राहिला. माझा राग त्याला कळतो. मी तिला मिठीत घेतलं, घट्ट, आणि मोठ्याने म्हटलं, माझी आहे ही, माझी आहे. बसला. पण नजर तिच्यावरच.

मंगळवार, १९ सप्टेंबर

जनकोजीरावांना सगळं सांगितलं. शब्दाचंही. ते रागावले नाहीत. कावळ्यापुढे दिलेला शब्द कावळ्यापुढेच परत घ्यायचा, म्हणाले.

भात केला. दही, भाकरीचा चुरा, तसंच सगळं. मूद ठेवली. हात जोडून म्हटलं, शब्द मागे घेते, अदितीला सोड. थांबलो. नऊ, दहा, अकरा वाजले. नारळ रिकामा, तारा रिकाम्या, आख्ख्या गल्लीवर एक कावळा नाही. त्याने एकही ठेवलेला नाही.

देवळाच्या तळ्यापर्यंत जाऊन आले. तिथेही नाहीत.

मी खोटं बोलून पाहिलं. त्याच्यापुढे गुडघे टेकले, दगड मी मारला म्हटलं, मला घे. त्याने माझा हात चाटला. किती प्रेमाने चाटला. जीभ बर्फासारखी.

आता एकच आशा. जनकोजीराव म्हणतात, पौर्णिमेला आलेलं अवसेला परततं. मी मूद ठेवली ती पौर्णिमाच होती. शुक्रवारी सर्वपित्री. शुक्रवारचा सूर्य मावळेपर्यंत अदितीला वाचवायची. बास. त्यांनी सांगितलं, इथून हलवा तिला.

बुधवार, २० सप्टेंबर

न बघता लिहितेय, अक्षर वाचता येणार नाही —

टॅक्सी आणली होती. जनकोजीराव अदितीचा हात धरून पुढे, मी पिशव्या घेऊन मागे. जिन्याखाली तो उभा होता. अदितीने त्याला पाहिलं. पहिल्यांदा. किंचाळली. तो उडाला. जनकोजीराव मधे आले, काठी आडवी धरून, तंजावरी मराठीत त्याला परत जा म्हणत होते. काठीसकट हात गेला. मग पोट. मी ऐकलं ते फाटताना. ते पडले तरी त्याच्या मानेला एका हाताने मिठी मारून होते, म्हातारा माणूस, माझा कोण लागत होता तो? पिठल्या त्यांच्यावरून अदितीकडे वळला. तिची पोटरी त्याच्या तोंडात —

मी ओरडले, "बस!"

बसला.

मंदारने त्याला ही एकच गोष्ट शिकवली होती. तळहात दाखवायचा, बस म्हणायचं. जोवर डोळ्याला डोळा तोवर बसतो. नजर हलली की पुढे सरकतो. पिल्लू असताना आम्ही हसायचो त्याला.

डोळे न हलवता अदितीला वर ओढत आणलं. ती न्हाणीघरात, आतून कडी. पोटरी फाटलीय, टॉवेल बांधलाय. मी दारासमोर खुर्ची टाकून. तो माझ्यासमोर. जनकोजीरावांना टॅक्सीतून नेलं, अम्मा बरोबर गेल्या. ते गेलेच होते. सगळे जाणत होते, फक्त अम्मा त्यांना वारा घालत होत्या.

पोलीस आले. त्याच्या अंगावरून चालत आले. मी नजर न हलवता बोलले. मुलीला जीपमधून घेऊन जा म्हटलं. तिने कडी काढली तसा तो उठला. मी त्याला बस म्हणाले आणि तिला पुन्हा कडी लावायला लावली. पोलीस माझ्याकडे बघत राहिले. बाहेर पडू नका, कुत्री फार माजलीत, उद्या गाडी येईल, असं सांगून गेले. दवाखान्याचं बघतो म्हणाले. कोणी आलं नाही.

गुरुवार, २१ सप्टेंबर

जागी. डोळे त्याच्यावर, वही मांडीवर. न बघता लिहितेय. लिहिलं की झोप लांबते.

सकाळी पापणी लागली. एक क्षण. उघडली तर तो हातभर पुढे. बस.

अदिती दाराआडून बोलत राहते. ताप आहे तिला. मंदारच्या गोष्टी काढते. मी हो हो म्हणते.

तिखट लावलं डोळ्याला. चूक केली. पाणी आलं, धूसर झालं — तो खुर्चीच्या पायाशी. माझ्या पावलावर डोकं ठेवलं. बस, बस रे. मागे जा कोणी शिकवलंच नाही त्याला.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

अवस. खिडकीतून ऊन भिंतीवर पडलंय. ते गेलं की सुटलो.

दुपारी दोन. सुरी मांडीत टोचते. झोप आली की टोचते. मांडी बधिर. वहीवर रक्त पडलं, त्याने चाटलं.

तीन. मी त्याच्यावर प्रेम करते अजून. हे लिहून ठेवते. त्याची चूक नाही. मी सांगितलं ते करतोय.

चार. अदिती बोलत नाही. हाक मारली. हूं म्हणाली. पाण्याखालून आल्यासारखं. बोल गं. तू बोल.

साडेचार. ऊन भिंतीवर हातभर उरलंय. त्याचं तोंड माझ्या गुडघ्यावर. एक डोळा. बस. पिठल्या. बस.

पाच. पुन्हा — एकदा लागली. किती वेळ, माहीत नाही. मागे चाचपलं, दारावर ओरखडे नवे आहेत. दार बंदच. अदिती? आहे. रडतेय. बस.

पाच वीस. सुरी हातातून गळली. वाकता येत नाही, नजर हलेल.

ऊन चार बोटं. सोलापूरला या वेळी तो गच्चीवर — नाही. नको आठवू. डोळे उघडे ठेव अर्चना. चार बोटं ऊन. अदिती, मी आहे इथे. मी बघतेय त्याला. डोळे उघडे आहेत. तीन बोटं. किती मऊ डोकं आहे रे तुझं. उघडे आहेत. उघडेच आहेत. उघ